एरियाच्या एंट्रीवरची पाटी मॅपवर पॉइंट ऑफ इंटरेस्ट म्हणून टाकायची का, आणि टाकायची तर कशी

वस्तीच्या, कॉलनीच्या किंवा एखाद्या जुन्या भागाच्या तोंडाशी नावाची पाटी किंवा कमान असते ना, ती मॅपवर पॉइंट ऑफ इंटरेस्ट म्हणून, म्हणजे थांबून बघण्यासारखी जागा म्हणून यावी का, यावर अगदी दोन टोकांची मतं ऐकायला मिळतात. काही जण म्हणतात नाव लिहिलंय म्हणजे ती त्या भागाची ओळखच झाली, टाकून द्या. बाकीचे म्हणतात तो बिल्डरने लावलेला बोर्ड, त्यात बघण्यासारखं काय, दिसला की रिजेक्ट करा. मला दोन्हीत घाई वाटते. माझं मत आधीच सांगून टाकायचं तर, नुसतं नाव लिहिलंय एवढ्यावर कुठलीच पाटी पात्र ठरत नाही, पण त्या नावापलीकडे तिथे काही असेल, कारागिरी असेल, गोष्ट असेल, लोक तिथे थांबत असतील, तर ती पाटी एखाद्या पुतळ्याइतकीच किंवा म्युरलइतकीच (भित्तिचित्राइतकीच) मॅपवर यायला लायक आहे. आणि ते जे काही आहे ते शोधून नीट मांडायचं काम टाकणाऱ्याचं आहे, रिव्ह्यू करणाऱ्याने ते स्वतः हुडकून काढावं अशी अपेक्षा ठेवायची नाही.

इथे मुख्यतः नियांटिक कंपनीने सुरू केलेल्या वेफेअररबद्दल बोलतोय, म्हणजे पोकेमॉन गो आणि इन्ग्रेस या बाहेर फिरून खेळायच्या फोनवरच्या गेम्समध्ये खऱ्या जागांवर असणारे थांबे (पोकेस्टॉप आणि पोर्टल) खेळणाऱ्यांनी सुचवायची आणि खेळणाऱ्यांनीच रिव्ह्यू करायची सिस्टिम, कारण पाट्यांवरून सगळ्यात जास्त वाद तिथेच होतात. ओपनस्ट्रीटमॅपचं, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचं, गणित वेगळं आहे, त्याचं पुढे सांगतो.

नाव झाकून बघा

पहिली टेस्ट एकदम साधी आहे. पाटीसमोर उभे राहा आणि मनातल्या मनात त्यावरचं नाव झाकून टाका. आता काय उरलं? दोन लोखंडी पाइप आणि एक पत्रा उरला तर विषय संपला, घरी जा. पण दगडात कोरलेलं शिल्प उरलं, मोझॅक उरलं, निऑनचं जुनं काम उरलं, हाताने रंगवलेलं चित्र उरलं, एखादी स्थापनेची तारीख कोरलेली कोनशिला उरली, तर पुढे जायला हरकत नाही. बऱ्याच पाट्या या टेस्टलाच पडतात आणि पडू देत, त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही. पाटी म्हणून ती तिचं काम चोख करतेच आहे, पत्ता शोधणाऱ्याला ती लागते, फक्त तेवढ्यासाठी कोणी मुद्दाम चालत येणार नाही.

दुसरी टेस्ट म्हणजे गोष्ट. काही पाट्या दिसायला अगदी साध्या असतात पण त्यांच्यामागे जे घडलंय ते मोठं असतं. उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात बॉगसाइड नावाची वस्ती आहे, तिथे 1969 च्या जानेवारीत एका घराच्या बाजूच्या भिंतीवर ‘यू आर नाऊ एन्टरिंग फ्री डेरी’ असं रंगवलं गेलं. बघायला गेलं तर पांढऱ्या भिंतीवर काळी अक्षरं, ना कोरीवकाम ना नक्षी. पुढे ती घरं पाडली गेली पण ती एक भिंत लोकांनी उभी ठेवली, आज ती एकटीच उभी आहे आणि लोक ती बघायला जगभरातून येतात. अक्षरशः वस्तीच्या एंट्रीची पाटी आहे ती. म्हणजे नाव झाकायच्या टेस्टला ती पडेल, गोष्टीच्या टेस्टला पैकीच्या पैकी. त्यामुळे या दोन्हीपैकी एक जरी पास झाली तरी मी पाटीला उमेदवार मानतो, दोन्ही नापास असतील तर नाही.

बिल्डरची पाटी म्हणून सरसकट नाकारणाऱ्यांनी हॉलिवूडची पाटी आठवावी. ती 1923 मध्ये उभारली तेव्हा त्यावर ‘हॉलिवूडलँड’ असं लिहिलेलं होतं आणि ती चक्क एका हाउसिंग प्रोजेक्टची जाहिरात होती, काही काळासाठीच लावलेली. शेवटची ‘लँड’ ही चार अक्षरं 1949 ला काढली आणि मोडकळीला आलेली पाटी 1978 ला नव्याने बांधली, आत्ता एकेक अक्षर साधारण 45 फूट उंच आहे. आता यातून कोणी असा अर्थ काढू नये की प्रत्येक प्रोजेक्टचा बोर्ड उद्याचा हॉलिवूड आहे. 1923 ला मी रिव्ह्यू करत असतो तर ती मीही नाकारलीच असती. मुद्दा एवढाच की पाटी कोणी लावली यापेक्षा नंतर लोकांनी तिचं काय केलं हे जास्त महत्त्वाचं, आणि ते बघायला थोडी माहिती काढावी लागते.

वेफेअररचे निकष पाटीला कसे लावायचे

2020 च्या अखेरीस वेफेअररचे निकष बदलले. तेव्हापासून पात्रतेचे मुख्य प्रश्न तीनच: ही जागा नवीन काही बघायला, शोधायला चांगली आहे का, व्यायामाला चांगली आहे का, लोकांना भेटायला-जमायला चांगली आहे का. तीनपैकी एकाचं उत्तर ठाम हो असेल तर पुरे. पाटीचं काय होतं की लोक नॉमिनेशन मध्ये (जागा सुचवायच्या अर्जात) लिहितात ‘ही आमच्या एरियाची पाटी आहे, इथून एरिया सुरू होतो’ आणि हे तिन्हीपैकी कशाचंच उत्तर नाही.

बघण्या-शोधण्याचा निकष पाटीला सगळ्यात जवळचा. नवीन माणूस त्या भागात आला तर ती पाटी त्याला त्या भागाबद्दल काय सांगते? सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनचं ड्रॅगन गेट घ्या. 1970 सालचं. त्याला तीन दारं, मधलं मोठं गाड्यांसाठी आणि बाजूची दोन चालणाऱ्यांसाठी, वर हिरवी कौलं, ड्रॅगन, दगडी सिंह. त्याखालून गेलात की तुम्ही कुठल्या समाजाच्या वस्तीत शिरताय हे नाव न वाचताच कळतं. वॉशिंग्टनच्या चायनाटाउनमध्ये 1986 ची फ्रेंडशिप आर्चवे आहे, तिचंही तेच. अशा कमानींबद्दल वाद घालायचं कारणच नाही, त्या डोळे झाकून पात्र आहेत. अडचण मधल्या पाट्यांची असते, ज्यात थोडी नक्षी आहे, थोडी बाग आहे, आणि ठरवता येत नाही.

जमण्याचा निकष लोक विसरतात. सॅन डिएगोमधल्या हिलक्रेस्ट या भागाची रस्त्यावर आडवी टांगलेली पाटी मूळ 1940 ची, नंतर 1984 ला ती नव्याने केली आणि ती परत लागली त्या निमित्ताने तिथे स्ट्रीट फेअर सुरू झाली. म्हणजे पाटी हेच जमायचं कारण. तुमच्या पाटीखाली दरवर्षी काही होतं का, लोक ‘पाटीपाशी भेटू’ असं म्हणतात का, तिला लागून कट्टा किंवा बाक आहेत का जिथे संध्याकाळी माणसं बसलेली असतात, हे बघा. असेल तर ते फोटोत पकडा आणि लिहा. फक्त खोटं लिहू नका, ‘इथे सगळे भेटतात’ हे वाक्य रिव्ह्यूअरने हजार वेळा वाचलेलं असतं आणि फोटोत मागे भरधाव रस्ता दिसत असतो.

व्यायामाचा निकष पाटीला क्वचितच लागतो. पाटी जर एखाद्या चालायच्या ट्रेलची सुरुवात असेल, तिच्यावर रूट काढलेला असेल, तर लागतो, नाहीतर ओढूनताणून आणू नका.

आधी पायाखाली बघा

आता हे सगळं पास झालं तरी एक गोष्ट राहते आणि याच्यावर माझ्या मते सगळ्यात जास्त चांगल्या पाट्या अडतात, ती म्हणजे तिथे पायी पोचता येतं का. एंट्रीच्या पाट्या लावतातच गाडीतल्या माणसाला दिसाव्यात म्हणून, त्यामुळे त्या असतात डिव्हायडरवर, चौकातल्या बेटावर, हायवेच्या कडेला गवतात. फुटपाथ नाही, क्रॉसिंग नाही. अशा ठिकाणी पाटी कितीही सुंदर असो, टाकू नका. शाळकरी पोरं फोनमध्ये बघत तो रस्ता क्रॉस करतील हे डोळ्यासमोर आणा आणि मग ठरवा.

यातलं शिकण्यासारखं उदाहरण म्हणजे ‘वेलकम टू फॅब्युलस लास वेगास’ ची पाटी. बेटी विलिस या डिझायनर बाईंनी ती केली, 1959 ला उभी राहिली, 2009 ला अमेरिकेच्या नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस मध्ये तिची नोंद झाली. आणि ती उभी आहे रस्त्याच्या मधल्या डिव्हायडरवर. वर्षानुवर्षं लोक वाहत्या ट्रॅफिकमधून पळत जाऊन तिच्याखाली फोटो काढायचे, शेवटी 2008 ला तिथेच डिव्हायडरमध्ये छोटं पार्किंग केलं गेलं. म्हणजे तीच पाटी, तेच डिझाइन, पण सेफ जागा नव्हती तोवर ती धोक्याची होती. (त्या पाटीची अजून एक गंमत म्हणजे ती लास वेगास शहराच्या हद्दीत नाहीच, हद्दीच्या कितीतरी दक्षिणेला आहे, त्यामुळे ‘हद्दीवर नसलेली पाटी चालत नाही’ असं कोणी म्हणालं तर हे दाखवा.)

डिव्हायडरवरच्या पाटीला नकार द्यायच्या आधी एवढं मात्र बघा की तिच्यापर्यंत झेब्रा क्रॉसिंग आहे का, बेटावर फरसबंद जागा आहे का, बाक आहे का. असेल तर ती पायी पोचण्यासारखी आहे, फक्त ते सपोर्टिंग फोटोत (आजूबाजूची जागा दाखवणाऱ्या दुसऱ्या फोटोत) दिसलं पाहिजे. आणि कमान असेल तर तिचा एक खांब बहुतेक वेळा फुटपाथवरच येतो, तेव्हा पिन त्या खांबावर टाका, रस्त्याच्या मधोमध नको.

जागा कोणाची आहे

वेफेअररमध्ये एका कुटुंबाच्या खाजगी घराच्या आवारातली गोष्ट चालत नाही, हा नियम पक्का आहे. एंट्रीची पाटी बऱ्याचदा कोपऱ्यावरच्या पहिल्या घराच्या कुंपणाला लागून असते, कधीकधी कुंपणाच्या आतच. तेव्हा पाटी सार्वजनिक जागेत आहे की कोणाच्या अंगणात हे नक्की करा. याच्यामागे खरं कारण आहे. पोकेमॉन गो 2016 ला आलं तेव्हा अनेक घरमालकांच्या दारात रात्री-अपरात्री माणसं जमायला लागली, त्यावरून अमेरिकेत केस झाली आणि 2019 ला तिचा निकाल तडजोडीने लागला. त्यात कंपनीने कबूल केलेल्या गोष्टींपैकी एक अशी की एका कुटुंबाच्या घराच्या मालकाने तक्रार केली आणि तो पॉइंट त्याच्या जागेत किंवा जागेपासून 40 मीटरच्या आत असेल तर तो काढायचा. म्हणजे तुम्ही कोपऱ्यावरच्या घराला चिकटलेली पाटी टाकली, ती अप्रूव्ह झाली, तरी त्या घरातल्यांना त्रास झाला तर ती जाऊ शकते, आणि जायलाच हवी.

गेट असलेल्या सोसायटीच्या आतली पाटी मात्र आपोआप बाद होत नाही. काही लोकांना तिथे कायदेशीरपणे जाता येत असेल, उदाहरणार्थ तिथल्या रहिवाशांना, तर तेवढं पुरतं, सगळ्या जगाला प्रवेश असलाच पाहिजे असं नाही. हे बऱ्याच रिव्ह्यूअरना माहीत नसतं म्हणून ते एका ओळीत लिहून द्या. शाळेच्या आवारातली पाटी असेल तर विसरा, बारावीपर्यंतच्या शाळांची जागा पूर्ण बाद आहे. फायर स्टेशनच्या किंवा हॉस्पिटलच्या इमर्जन्सी गाड्या निघायच्या तोंडावर असेल तरी विसरा.

इथे हॉलिवूडचंच दुसरं टोकही लक्षात ठेवा. त्या पाटीखालच्या अरुंद वळणाच्या रस्त्यांवर राहणारी माणसं वर्षानुवर्षं पर्यटकांच्या गर्दीला वैतागलेली आहेत, आणि पाटीपर्यंत तर कोणाला जाताही येत नाही, कुंपण आहे, ती लांबूनच बघायची असते. आपली पाटी एवढी फेमस होणार नाही हे खरं, पण एखाद्या शांत गल्लीच्या तोंडाशी रोज वीस-पंचवीस अनोळखी माणसं थांबायला लागली तर तिथल्या आजी-आजोबांना काय वाटेल हा विचार टाकण्याआधी करायचा, टाकल्यावर नाही. शक्य असेल तर सरळ विचारा. पाटीजवळ राहणाऱ्यांशी बोललात तर परवानगीच्या पलीकडे अजून एक फायदा होतो, पाटी कधी लागली, कोणी केली, आधी कशी होती हे त्यांनाच माहीत असतं आणि तेच तुमच्या डिस्क्रिप्शनचं भांडवल.

फोटो आणि मजकूर

मेन फोटो दिवसा, पायी उभं राहून, पाटीच्या समोरून. गाडीच्या काचेतून काढलेला फोटो तर अजिबात नको, तो पाहिला की रिव्ह्यूअरला पहिली शंका हीच येते की तिथे उतरता येत नसणार. फोटोत गाड्यांच्या नंबर प्लेट, ओळखू येणारे चेहरे, तुमचा हात, तारखेचा शिक्का, वॉटरमार्क काही नको. आणि फोटो स्वतः काढलेला हवा, कुठूनतरी उचललेला चालत नाही. सकाळचं किंवा उतरत्या दुपारचं तिरकं ऊन कोरीव अक्षरांवर छान उठून दिसतं, डोक्यावरच्या उन्हात तेच सपाट दिसतं, तेव्हा एक फेरी जास्त झाली तरी चालेल. पाटीत एखादा बारकावा असेल, सही असेल, साल कोरलेलं असेल, तर मेन फोटोत तो वाचता येईल एवढ्या जवळून घ्या.

सपोर्टिंग फोटोत उलट करायचं, मागे जायचं. पाटी, तिच्यापर्यंतचा फुटपाथ, शेजारची एखादी ओळखू येणारी बिल्डिंग, हे सगळं एका फ्रेममध्ये. रिव्ह्यूअर सॅटेलाइट आणि स्ट्रीट व्ह्यू उघडून तुमची पिन खरी आहे का बघतो, पाटी वरून दिसतच नाही, झाडाखाली असते किंवा एवढी बारीक असते की पिक्सेलही सापडत नाही. तेव्हा त्याला आजूबाजूच्या खुणा लागतात. स्ट्रीट व्ह्यू त्या रस्त्यावर नसेलच तर स्वतः 360 डिग्री फोटो काढून गूगल मॅप्सवर टाकता येतो, पाट्यांच्या बाबतीत याचा खूप उपयोग होतो कारण ‘ही पाटी खरंच आहे का’ हा प्रश्नच उरत नाही.

टायटलमध्ये पाटीवर जे आहे ते, जसंच्या तसं, त्याच स्पेलिंगमध्ये. पण नुसतं भागाचं नाव देऊ नका, नाहीतर असं वाटतं की तुम्ही अख्खा भागच नॉमिनेट केलाय. नाव आणि पुढे ती वस्तू काय आहे ते, कमान, मोझॅक, शिलालेख, जे असेल ते. ‘वेलकम साइन’ हे दोन शब्द टायटलमध्ये आले की अर्धे लोक पुढे वाचतच नाहीत, हे बरोबर नाही पण होतं असंच.

डिस्क्रिप्शन कसं लिहायचं ते एका कल्पित उदाहरणावरून बघू. समजा जुन्या कामगार वस्तीच्या तोंडाशी दोन दगडी खांब आहेत, त्यावर अवजारांची शिल्पं कोरलीयत आणि मध्ये लोखंडी पट्टीवर वस्तीचं नाव आहे. बहुतेक लोक लिहितात: ‘आमच्या एरियाची सुंदर पाटी. खूप जुनी आणि प्रसिद्ध. सगळ्यांनी नक्की बघा.’ यात एकही गोष्ट अशी नाही जी दुसऱ्या कुठल्या पाटीला लागू होणार नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘रेल्वे वर्कशॉपच्या कामगारांसाठी बांधलेल्या वसाहतीचे मूळ प्रवेश खांब. डाव्या खांबावर ऐरण आणि हातोडा, उजव्यावर रिंच आणि चाक कोरलेलं आहे. वर्कशॉप बंद झाल्यावर रहिवाशांनी खांब दुरुस्त करून लोखंडी नावपट्टी नव्याने बसवली.’ बघा, विशेषण एकही नाही, ‘सुंदर’ नाही, ‘ऐतिहासिक’ नाही, तरी बघावंसं वाटतं. डावा-उजवा सांगितल्यामुळे तिथे गेलेला माणूस खरंच मान वळवून बघेल. साल माहीत असेल तर द्या, नसेल तर अंदाजे साल ठोकून देऊ नका, ‘शंभर वर्षं जुनी’ असं लिहिलं आणि फोटोत नवा करकरीत पत्रा दिसला की बाकीचं खरं असलं तरी कोणी विश्वास ठेवत नाही.

डिस्क्रिप्शनमध्ये तुमचं गेममधलं नाव, लिंक, फोन नंबर, इमोजी, ‘इथे स्टॉप हवाच’ असलं काही येऊ द्यायचं नाही, कारण ते पुढे कायम लोकांना दिसणार असतं. जे काही आर्ग्युमेंट करायचं ते सपोर्टिंग स्टेटमेंट मध्ये, म्हणजे फक्त रिव्ह्यूअरसाठी असलेल्या मजकुरात. तिथे रिव्ह्यूअरशी थेट बोला: कुठला निकष लागतो, पायी कसं पोचायचं, जागा कोणाची, माहिती कुठे तपासता येईल, महापालिकेच्या साइटवर आहे की स्थानिक पेपरमध्ये बातमी आली होती. ‘आमच्या इथे एकही स्टॉप नाही, प्लीज अप्रूव्ह करा’ ही ओळ मनापासून आलेली असते हे मला कळतं, विरळ वस्तीत खेळणाऱ्यांचं दुःख खरं आहे, पण रिव्ह्यूअरला ते निकष म्हणून धरता येत नाही आणि ती जागा तुम्ही चांगल्या मुद्द्याला देऊ शकला असता.

हे सगळं उभ्या उभ्या फोनवर टाइप करायची गरज नाही. तिथे फोटो काढून पिन नीट लावा, नंतर अपलोड करायचा ऑप्शन असतो, तो घ्या आणि मजकूर घरी बसून लिहा. पिन मात्र तिथेच, झूम करून, पाटीवर.

एकाच भागाच्या चार पाट्या असतील तर

मोठ्या कॉलन्यांना चारही बाजूंनी एंट्री असते आणि चारही ठिकाणी सारखीच पाटी. चारही टाकायचा मोह आवरा. ज्या ठिकाणी चालायला जागा आहे आणि बाजूला काही आहे, बाग, बाक, जुनं झाड, अशी एक निवडा आणि तीच ताकदीने मांडा. चारही सारख्या असतील तर त्यातली कुठलीच वेगळी नाही हे चार नॉमिनेशन पाहिल्यावर सिद्धच होतं, आणि मग चांगली असलेली पण जाते. प्रत्येक पाटीवर वेगळं चित्र असेल, वेगळा कलाकार असेल, तर गोष्ट निराळी, मग चारही टाका आणि प्रत्येकात फरक काय ते लिहा.

अजून एक, आणि हे मी कळकळीने सांगतो: पाटीवर अडून बसण्याआधी तिच्या दहा पावलांवर बघा. पाटीमागे छोटी बाग असते, कोणाच्या स्मरणार्थ लावलेला बाक असतो, भिंतीवर म्युरल असतं, भागाचा नकाशा असलेला बोर्ड असतो, आणि लोक पाटी मोठी दिसते म्हणून तीच टाकत बसतात. बागेला तिन्ही निकष सहज लागतात. अशा वेळी बाग टाका आणि पाटी तिच्या फोटोत येऊ द्या.

ओपनस्ट्रीटमॅपवर

इथे खेळाचा संबंध नाही. 2004 पासून चालू असलेल्या या मॅपचा पाया हा की जमिनीवर जे आहे आणि जे दुसऱ्या कोणी जाऊन तपासू शकतं ते नोंदवायचं, म्हणून ‘लायक आहे का’ हा प्रश्न जवळजवळ गैरलागू होतो आणि ‘ही वस्तू नेमकी काय आहे’ हा प्रश्न येतो. साध्या पाटीला टूरिझम अट्रॅक्शन असा टॅग (वस्तू काय आहे ते सांगणारं लेबल) लावू नका, ती पर्यटनस्थळ नाही. भागाचं नाव मॅपवर हवं असेल तर पाटीवर न टाकता भागाच्या मध्यावर प्लेस या टॅगने नेबरहूड म्हणून नोड (मॅपवरचा एक बिंदू) टाका, पाटी हा त्या नावाचा पुरावा. म्युरल किंवा शिल्प असेल तर आर्टवर्क टॅग, कलाकाराचं नाव माहीत असेल तर ते, कोरलेला मजकूर इन्स्क्रिप्शनमध्ये जसाच्या तसा. जुन्या शहराच्या तटबंदीतला खरा दरवाजा असेल तर त्याला सिटी गेट असा वेगळा टॅग आहे, नवीन सिमेंटच्या कमानीला तो लावायचा नाही. शहराची हद्द दाखवणारी पाटी असेल तर ट्रॅफिक साइनमध्ये सिटी लिमिट. आणि कमान रस्त्यावरून जात असेल आणि तिच्यावर उंचीची मर्यादा लिहिलेली असेल तर ती रस्त्याला मॅक्स हाइट म्हणून आवर्जून टाका, ट्रकवाल्यांचा रूट त्यावरून ठरतो, हे बाकी सगळ्या टॅगपेक्षा उपयोगी पडतं. गूगल मॅप्सवरून बघून काहीही कॉपी करायचं नाही, लायसन्सचा प्रश्न येतो, स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच.

रिव्ह्यू करताना

तुम्ही स्वतः रिव्ह्यू करत असाल तर पाटी दिसताक्षणी बोट रिजेक्टकडे नेऊ नका. आधी डिस्क्रिप्शन वाचा, सपोर्टिंग फोटो मोठा करून बघा. तीस सेकंद पुरतात. त्यात कारागिरी किंवा गोष्ट सापडली आणि जागा सेफ असली तर हो म्हणा, लिहिणाऱ्याची भाषा कच्ची असली तरी. नाही सापडली तर नाही म्हणा, लिहिणाऱ्याने कितीही गोड लिहिलं तरी. फ्लेक्सचे बॅनर, सणापुरत्या उभारलेल्या कमानी, बांधकाम चालू असलेल्या प्रोजेक्टचे बोर्ड हे कायमस्वरूपी नाहीत, तिथे विचार करायची गरजच नाही. आणि तुमच्या भागात अशा पाट्या दर वळणावर असतात म्हणून दुसऱ्याच्या भागातलीही तशीच असेल असं धरू नका, जिथे सगळं सपाट आणि एकसारखं बांधलेलं आहे तिथे एक हाताने केलेली पाटी खरंच वेगळी असते.

रिजेक्ट झाली तर

कारण वाचा. ‘निकषात बसत नाही’ असं आलं असेल तर बहुतेक वेळा मजकुरात मुद्दा पोचलेला नसतो, तेव्हा नवीन फोटो आणि नवीन माहिती घेऊन परत टाका, तोच मजकूर तसाच परत पाठवून काही होत नाही. ‘पायी पोचता येत नाही’ असं आलं आणि खरंच क्रॉसिंग असेल तर अपील करायची सोय आहे, तिथे क्रॉसिंगचा उल्लेख आणि कुठल्या फोटोत ते दिसतं ते शांतपणे लिहा, रिव्ह्यूअरना नावं ठेवू नका. खाजगी जागा म्हणून गेली असेल आणि ती खरंच खाजगी असेल तर तो विषय तिथेच सोडा.

अप्रूव्ह झाली तर वर्षातून एकदा नजर टाकत जा. पाट्या रंगवल्या जातात, रस्ता रुंद करताना पाच-दहा मीटर सरकवल्या जातात, कधी रातोरात काढून नेल्या जातात. सरकली असेल तर लोकेशन एडिट टाका, नवीन रूपाचा फोटो जोडा, दुरुस्ती कोणी केली ते डिस्क्रिप्शनमध्ये वाढवा. कायमची गेली असेल तर तसं रिपोर्ट करून मॅपवरून काढा, पण काढायच्या आधी तुमच्याकडचे जुने फोटो विकिमीडिया कॉमन्ससारख्या खुल्या ठिकाणी टाकता येतात का बघा, पाटीवर अलीकडच्या कलाकाराचं चित्र असेल तर त्या देशाचा कॉपीराइटचा नियम तपासून, कारण सार्वजनिक जागेतल्या कलेचे फोटो खुले करायची मुभा सगळीकडे सारखी नाही.